पैसे आलेच नाहीत, तर ते माझ्या पगारातून का?

'ताई, नमस्कार. मी २३ वर्षांची आहे. नागपुरात सीताबर्डीवर एका साड्यांच्या दुकानात दीड वर्षापासून कामाला आहे. पगार ११,००० रुपये. घर हिंगण्याकडे, मेट्रोने येणं-जाणं करते. मागच्या महिन्यात ऐन गर्दीत एक जोडपं आलं. दोन साड्या घेतल्या, ४,८५० रुपये झाले. त्या माणसाने क्यूआर स्कॅन केला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. हिरवी खूण, दुकानाचं नाव, रक्कम, सगळं बरोबर दिसत होतं. साउंडबॉक्स आत चार्जिंगला लावलेला होता. मी पिशवी देऊन टाकली. रात्री हिशेब लावला तर पैसे आलेच नव्हते. शेठजी म्हणाले, दोन महिन्यांत पगारातून कापतो. एक कागदही दिला: "माझ्या चुकीमुळे नुकसान झाले, ते पगारातून वळते करण्यास माझी हरकत नाही." सही अजून केली नाही.

त्याच आठवड्यात एक बाई पाच दिवसांपूर्वी नेलेली साडी परत घेऊन आल्या. नेसलेली होती, वास येत होता. मी परत घेता येणार नाही म्हटलं तर केवढ्याने ओरडल्या. शेठजींनी पैसे परत दिले आणि त्यांच्यासमोरच मला म्हणाले, "तुले गिऱ्हाईक सांभाळता येत नाही." तेव्हापासून कुणी पायरी चढलं की पोटात गोळा येतो. प्रत्येकाच्या हाताकडे, पिशवीकडे बघत राहते. खोटा माणूस ओळखायचा कसा? सही करू का? की नोकरीच सोडून देऊ?
– बर्डीवरची एक'

पोरी, आधी त्या कागदाचं बोलू. त्यावर सही करू नको. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आजच वाच.

पगारातून नुकसान कापायला कायद्यात सरसकट बंदी नाही, आणि शेठजींना कुणीतरी नेमकं तेवढंच सांगितलेलं दिसतं. पुढचं सांगितलेलं नाही. जुना १९३६ चा वेतन प्रदान कायदा घे, की त्याच्या जागी आणलेली २०१९ ची वेतन संहिता घे, अट सारखीच आहे. ज्या मालाची किंवा पैशाची जबाबदारी तुझ्यावर सोपवलेली होती, त्याचं नुकसान थेट तुझ्याच निष्काळजीपणामुळे झालेलं असलं पाहिजे. कापण्याआधी तुला तुझी बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. नुकसानीपेक्षा एक रुपयाही जास्त कापता येत नाही, आणि साऱ्या कपाती मिळून त्या वेळच्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाहीत. आता तुझ्या कागदाकडे बघ. 'माझ्या चुकीमुळे' हे शब्द त्यात आधीच लिहून आले आहेत. तुझं म्हणणं ऐकायच्या आधीच निकाल लागलाय, आणि त्या निकालाखाली तुझीच सही हवी आहे.

चूक कुणाची, ते जरा शांतपणे बघू. साउंडबॉक्स आत नेऊन कुणी ठेवला? दुकानाच्या खात्याचं ॲप कुणाच्या मोबाईलमध्ये आहे? बँकेचा मेसेज कुणाला येतो? तू लिहिलं नाहीस, पण २२ वर्षं मी दुकानांत काढली आहेत, त्यामुळे मला अंदाज आहे. तिन्ही गोष्टी शेठजींकडे असणार. पैसे पोचले की नाही हे कळायचं एकही साधन तुझ्या हातात नव्हतं. हातात होता तो त्या माणसाचा मोबाईल, आणि त्याच्या मोबाईलवर काय दिसावं हे तोच ठरवत होता. याला मी तुझा निष्काळजीपणा म्हणणार नाही. दुकानाने पैसे मोजायचं यंत्र कपाटात ठेवलं आणि मोजणीची जबाबदारी तुझ्यावर टाकली, असं हे झालंय.

म्हणून त्यांच्या कागदाऐवजी तुझा कागद दे. साधा, अर्ध्या पानाचा, हाताने लिहिलेला. तारीख, वेळ, बिल नंबर, रक्कम. साउंडबॉक्स कुठे होता आणि का होता. दुकानाचं ॲप तुझ्याकडे नव्हतं. गर्दी किती होती आणि काउंटरवर कोण कोण होतं. शेवटी एवढंच की, ही कपात मला मान्य नाही, माझी बाजू ऐकून घ्यावी. आरोप नको, चढा शब्द नको. एक प्रत त्यांना दे, दुसरीवर त्यांची सही घे. सही दिली नाही तर दोन्ही पानांचे फोटो काढून त्यांच्या मोबाईलवर पाठव. तरीही पगार कापलाच तर नागपुरात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे दाद मागता येते. मला वाटतं तिथवर जाणार नाही. लिहिलेला कागद समोर आला की बरेच मालक सबुरीने घेतात, हे मी पाहिलंय.

आणि खरी तक्रार त्या जोडप्याची व्हायला हवी, तीही शेठजींनी करायची. खोटा भरणा दाखवून माल नेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा आहे. सीताबर्डी पोलीस ठाणं दुकानापासून काही लांब नाही. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांकही आहे. मात्र शेठजींना आजच सांग की कॅमेऱ्यातलं त्या दिवसाचं चित्रण आधी उतरवून घ्या. रेकॉर्डर भरला की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, मग तक्रारीला आधारच राहत नाही. तुझ्याकडून ४,८५० रुपये वसूल करायची घाई आहे आणि चोराच्या चेहऱ्याचं चित्रण पुसलं जाऊन राहिलं, हे शेठजींच्या लक्षात आणून द्यायचं काम तुझंच आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. खोटा माणूस ओळखायचा कसा?

ओळखता येत नाही. मी गांधीबागेत, मग इतवारीत, शेवटी धरमपेठेत साड्या दाखवल्या. हजारो बायांच्या पुढ्यात घड्या मोडल्या. चेहऱ्यावरून, बोलण्यावरून, कपड्यांवरून मला खोटेपणा ओळखता आला नाही. आणि ज्या दिवशी आपल्याला तो ओळखता येतो असं मला वाटलं, त्या दिवसाची लाज मी अजून बाळगून आहे.

२००३ चा दसरा. इतवारीतलं दुकान, गादीवर बसून माल दाखवायची जुनी पद्धत. दीक्षाभूमीवर आलेली मंडळी त्या दिवसांत बाजारातही येतात, तुला ठाऊकच आहे. एक पन्नाशीची बाई आली. पांढरी सुती साडी, हातात कापडी थैली, बोली यवतमाळकडची. तिने लेकीसाठी दोन-तीन साड्या पाहिल्या, भाव विचारला, 'जमत नाही बाई' म्हणून उठली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की रेशमी काठाची १,८५० ची एक साडी ढिगात दिसत नाही. मी तिला थांबवलं. म्हटलं, थैली दाखवा. ती काही बोलली नाही, थैली माझ्यासमोर ठेवली. मी ती गादीवर उलटी केली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबासाहेबांची काचेची फ्रेम, दोन पातळ पुस्तकं, रस्त्यावरून घेतलेला लहान पोरीचा एक फ्रॉक. बस्स. त्याच वेळी दुकानातल्या पोराने गादीची चादर झटकली आणि साडी खालून निघाली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "तुमी सांडलं, आता तुमीच भरून द्या." मी एकेक वस्तू भरली. तिने फ्रेम तेवढी बाहेर काढून काचेवरून बोट फिरवलं, तडा गेला नाही ना पाहिलं, परत गुंडाळली आणि गेली.

त्या गर्दीत आणखी चार बायका बसल्या होत्या. त्यांच्या खांद्याला पर्स होत्या. त्यांच्यातल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं. ही गरीब, ही खेड्यातली, ही दीक्षाभूमीवरून आलेली, एवढ्यावर मी ठरवून टाकलं होतं. याला चूक म्हणणंही कमी आहे. तो माझ्या मनातला जुना मळ होता, आणि साडी हरवल्याचं निमित्त मिळताच तो वर आला.

तुला हे एवढ्यासाठी सांगते की तू लिहितेस, 'प्रत्येकाच्या हाताकडे, पिशवीकडे बघत राहते.' सुरुवात प्रत्येकापासूनच होते. महिनाभरात नजर निवड करायला लागते. कुणाच्या पिशवीकडे जास्त जाते आणि कुणाच्या पर्सकडे जातच नाही, हे आपल्यालाही कळत नाही. म्हणून माणूस वाचायचा नाद सोड. पैसा तपास, माल तपास, टॅग तपास, आणि तो सगळ्यांचा सारखाच तपास. शेठजींच्या मेव्हणीचाही.

पैशापासून सुरू करू. गिऱ्हाइकाच्या मोबाईलची स्क्रीन म्हणजे पैसे नव्हेत. हुबेहूब भरणा झाल्यासारखं दाखवणारी बनावट ॲप्स असतात, त्यात रक्कम टाकली की हिरवी खूण येते, आवाज येतो, १२ आकडी क्रमांकही येतो. त्या स्क्रीनकडे बघूच नको, म्हणजे त्यावर वाद घालायची वेळही येणार नाही. पैसे आले हे फक्त दुकानाच्या बाजूने कळतं: साउंडबॉक्स बोलला, किंवा दुकानाच्या ॲपमध्ये नोंद आली, किंवा बँकेचा मेसेज आला. साउंडबॉक्सला स्वतःचं सिम आणि स्वतःची बॅटरी असते. बर्डीवरच्या आतल्या दुकानांत रेंज गेली की तो मुका होतो. मुका झाला तर पिशवी काउंटरवरच राहील, असा दुकानाचा नियम करून घे. आणि चार्जिंगला लावायचा तर काउंटरच्याच प्लगला लाव. रोज सकाळी दुकान उघडलं की स्वतःच्या मोबाईलने क्यूआर एकदा स्कॅन करून नाव दुकानाचंच येतं ना, तेही बघत जा. वरून दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे असतात.

पण इथेच एक गोष्ट ध्यानात ठेव. कधी कधी गिऱ्हाईक खरं असतं, त्याच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि दुकानात पोचत नाहीत. त्या माणसाचा जीव खालीवर होतो, मागे रांग असते आणि आपण त्याच्याकडे संशयाने बघतो. त्याला नीट सांग की रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे आहेत. त्याचं नाव, नंबर, वेळ लिहून घे. साडीवर त्याच्या नावाची चिठ्ठी लाव आणि बाजूला ठेव. म्हण, "दादा, पैसे दिसले की मीच फोन करते." खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. पुष्कळ जण उलट रोख काढून देतात आणि साडी घेऊन जातात. खोट्याला मात्र त्या चिठ्ठीत काहीच रस नसतो.

रोखीचं थोडक्यात. ५०० ची नोट हातात आली की तिरकी कर, धाग्याचा रंग हिरव्यावरून निळा होताना दिसला पाहिजे. दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेषा बोटाला लागल्या पाहिजेत. नोट खोटी निघाली तर बँक ती जप्त करते, पावती देते, पैसे देत नाही. तेव्हा दुकानात कुणी हमखास म्हणतं की सुट्ट्यात दुसऱ्याला देऊन टाक. ते कधीही करू नको, कुणीही सांगितलं तरी. नोट खोटी आहे हे माहीत असताना पुढे चालवणं हा मोठ्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तेव्हा गल्ल्यावर हात तुझा असेल.

सुट्ट्यांचा खेळ तुला माहीत असेल. ५०० ची नोट देतात, तू सुट्टे काढतेस, मग 'थांबा, माझ्याकडे आहेत सुट्टे' म्हणून नोट परत मागतात, मध्येच दुसरा भाव विचारतात, आणि शेवटी कोणाकडून काय आलं याचा पत्ता लागत नाही. उपाय एकच. आलेली नोट गल्ल्यात टाकायची नाही. काउंटरवर, गिऱ्हाइकाला दिसेल अशी, स्टेपलरखाली ठेवायची. तोंडाने म्हणायचं, 'पाचशे आले.' सुट्टे त्याच्या हातात मोजून दिले, हिशेब मिटला, की मग नोट आत. मध्ये बोलणं बदललं तर हात थांबव आणि पहिल्यापासून सुरू कर. कितीही घाई असली तरी.

नेसून परत आणलेल्या साडीकडे मात्र जरा निवांत बघू, कारण तुझं मन तिथे जास्त दुखलंय.

साडी परत आली की काउंटरवरच्या दिव्याखाली बघू नको, दारापाशी उजेडात घे. आधी घडी बघ. मिलची घडी आणि घरची घडी यांत फरक असतो. घरी घातलेल्या घडीच्या कडा जुळत नाहीत, जुनी मोड एकीकडे आणि नवी दुसरीकडे पडते. मग पदर उघड. खांद्यावर जिथे पिन लागते तिथे, पदराच्या निऱ्यांच्या जागी, बारीक बारीक छिद्रं दिसतील आणि त्यांच्याभोवती धागा ओढलेला असेल. इस्त्रीने सुरकुती जाते, पिनेची छिद्रं जात नाहीत. त्यानंतर कंबरेची बाजू. निऱ्या खोचलेल्या ठिकाणी आडवी दाबलेली रेघ आणि नाड्याचा पट्टा उमटलेला असतो. मग खालचा काठ, टाचेजवळचा. मंगल कार्यालयात दिवसभर फिरलेल्या साडीच्या काठाला आतून काळपट रेघ येते. फॉल लावून काढला असेल तर सुईच्या टाक्यांची ओळ राहते. ब्लाउजपीस जागेवर आहे का ते बघ. शेवटी टॅग. दुकानाच्या बंदुकीने लावलेला प्लास्टिकचा दोरा एकसंध असतो, घरी परत लावताना तो सुईदोऱ्याने शिवलेला किंवा गाठ मारलेला असतो. वासाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. वासावर भांडण होतं, छिद्रावर होत नाही.

आता हे सगळं दिसल्यावर बोलायचं काय? तू त्या बाईंना 'ही नेसलेली आहे' म्हणाली असशील. खरं होतं, पण त्याचा अर्थ 'तुम्ही खोटं बोलताय' असा होतो, आणि चारचौघांत तसं ऐकल्यावर माणूस ओरडणारच, खोटा असला तर जास्तच. त्यापेक्षा साडीबद्दल बोल. "ताई, बसा, पाणी घ्या. मी साडी जशी आहे तशी लिहून घेते." आणि कागदावर लिही: पदरावर पिनेची चार छिद्रं, कंबरेला दाब, काठाला मळ, टॅग शिवलेला. कागद त्यांच्यासमोर ठेव. "निर्णय शेठजी घेतील, मी फक्त नोंद करते." तुझा आवाज जितका खाली राहील तितका त्यांना वर नेता येणार नाही. मी हे कित्येकदा केलंय. निम्म्या वेळा बाई कागद वाचतात, साडी उचलतात आणि निघून जातात. उरलेल्या निम्म्या वेळा मालक पैसे परत देतात. देऊ दे. तो त्यांचा पैसा आहे, त्यांचं गिऱ्हाईक आहे, कदाचित त्या बाईंच्या घरी पुढच्या महिन्यात लग्नाचा बस्ता असेल. तुझी नोंद कागदावर आहे, तुझं काम तिथे पूर्ण झालं.

इथे दुकानदारांनाही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाट्या आपल्या बाजारात जागोजागी आहेत. पण सदोष मालाला ही पाटी लागूच होत नाही. जुलै २०२० पासून लागू असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिल न देणंही तशीच. पहिल्याच धुण्यात रंग सोडलेली साडी घेऊन बाई येते, आपण पाटीकडे बोट दाखवतो, आणि ती शिकते की इथे खरं बोलून काही मिळत नाही, आरडाओरडा करून मिळतं. पुढच्या वेळी ती ओरडतच येते. तेव्हा परत आलेली प्रत्येक साडी खोटीच असं धरू नको. रंग गेलाय, धागा विरलाय, विणकामात दोष आहे, असं असेल तर नोंदीत तेही तितक्याच ठळकपणे लिही आणि शेठजींना सांग की ही बाई बरोबर आहे. आणि कच्च्या चिठ्ठीवर माल देऊ नको. पक्क्या बिलावर साडीचा कोड असला की दुसऱ्या दुकानची किंवा जुनी साडी गळ्यात पडत नाही.

उचलेगिरीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझी नजर पिशव्यांवर आहे म्हणून सांगते. कुणी साडी पिशवीत टाकताना तुला डोळ्यांनी दिसलं, तर जवळ जा आणि विक्रीचंच बोल. "ताई, ती मोरपंखी पॅक करून देऊ का? बिल इकडे होते." त्या वाक्यात बाहेर पडायची वाट असते. 'अगं बाई, विसरलेच' म्हणून साडी परत येते आणि कुणाची बेअब्रू होत नाही. नाहीच आली, तर मोठ्यांना सांग, कॅमेरा बघू देत, पोलिसांना फोन करू देत. दार अडवू नको, हाताला धरू नको, थैली उघडायला लावू नको. झडती घ्यायचा अधिकार दुकानाला नाही. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच घ्यावी लागते. कुणाला कोंडून ठेवलं तर गुन्हा आपल्यावर होतो. आणि तुला हे कदाचित माहीत नसेल की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळी शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. कायदाच त्याला तुरुंगात घालायची घाई करत नाही, तर एका साडीसाठी दुकानाने माणसाला रस्त्यावर उभं करून ओरडायचं काही कारण नाही. ट्रायल रूमचंही तसंच. आत किती नग नेले, बाहेर किती आले, ते मोजून आकड्याचा बिल्ला दे. प्रत्येकीला दे, म्हणजे कुणालाच लागत नाही.

शेठजी तुला गिऱ्हाइकासमोर बोलले, ते बरोबर झालं नाही. पैशाचं दुःख तुझ्या पत्रात एक ओळीचं आहे आणि या वाक्याचं दुःख त्यानंतरच्या प्रत्येक ओळीत आहे. 'तुले गिऱ्हाईक सांभाळता येत नाही.' दीड वर्ष तू त्या दुकानात उभी आहेस. लगीनसराईत, दिवाळीत पाय सुजेपर्यंत उभी राहिली असशील. तुला येत नसतं तर त्यांनी गर्दीच्या दिवशी काउंटर तुझ्यावर सोडला नसता.

हे त्यांच्याशी बोल. दुकान उघडून पूजा झाली, अजून बोहणी व्हायची आहे, पोरं घड्या लावताहेत, ती दहा मिनिटं चांगली असतात. संध्याकाळी हिशेबाच्या वेळी कधीच बोलू नको. तेव्हा त्यांच्या डोक्यात आकडे असतात. तीन गोष्टी माग. साउंडबॉक्स काउंटरवर राहील. परतीचा नियम बिलावर छापलेला असेल. आणि तुझं काही चुकलं तर ते तुला आत बोलावून सांगतील, गिऱ्हाइकासमोर नाही. तिसरी गोष्ट मागताना आवाज कापेल, कापू दे. "शेठजी, तुम्ही मला त्या बाईंसमोर बोलला, त्यानंतर माझं मन कामात लागून नाही राहिलं." एवढंच म्हण आणि थांब. ते काय उत्तर देतात यापेक्षा ते उत्तर देताना तुझ्याकडे बघतात का, हे पाहा.

नोकरी सोडायची का, याचं उत्तर मी त्याच सकाळवर टाकते. दोन महिन्यांची कपात सोसून, त्या कागदावर सही करून, मान खाली घालून बाहेर पडू नको. ते ऐकणारे निघाले, साउंडबॉक्स बाहेर आला, कपातीचा कागद मागे घेतला, तर राहा. दीड वर्षात तुला माल कळायला लागलाय, आणखी एक सीझन काढलास तर धरमपेठ, सदर, कुठल्याही दुकानात तू अधिक पगार मागू शकशील. ते म्हणाले की सही कर नाहीतर जा, तर जा. जाताना झालेल्या दिवसांचा पूर्ण पगार आणि दीड वर्षाच्या अनुभवाचं पत्र लेखी माग. बर्डी ते इतवारी, साड्या दाखवता येणाऱ्या मुलींची गरज दिवाळीच्या महिनाभर आधीपासून सगळ्यांनाच असते.

पोटातला गोळा एका दिवसात जाणार नाही. मला त्या दसऱ्यानंतर पुढची दोन वर्षं कापडी थैली दिसली की तसंच व्हायचं, फक्त ते संशयाने नव्हे, शरमेने. उद्या पहिलं गिऱ्हाईक आलं की पिशवीकडे बघायच्या आधी विचार, कुणासाठी घ्यायची आहे साडी? लेकीसाठी, सुनेसाठी, स्वतःसाठी. बाया सांगतात. लग्न कधी आहे, रंग कुठला आवडतो, मागच्या वेळी काय फसलं. तू ऐकत ऐकत घड्या मोड. तू साड्या दाखवायला आली आहेस, ते काम तुला आवडतं, हे तुझ्या पत्रात तू कुठे लिहिलं नाहीस, पण नेसलेल्या साडीचा तुला जो राग आला, तो माल जीव लावून सांभाळणारीलाच येतो.

तुझा कागद लिहून झाला की शेठजींना द्यायच्या आधी हवं तर मला पाठव. मी वाचून देते.